जिजीच्या नावाचं रान

आमच्या घरात जिजीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. जिजी म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आम्ही नातवंडं तिला जिजी म्हणायचो, वडील आणि काका 'बाई' म्हणायचे, आणि गावाला ती अमक्याची आई नाहीतर तमक्याची सून म्हणून माहीत होती. आबा, म्हणजे आमचे आजोबा, तिला हाक मारायचे ती नुसती "अगं ए" एवढीच. बहुतेक वेळा तीही नाही. शिवारातून येऊन ओट्यावर टेकले की ते एकदा खाकरायचे. आत जिजी हातातलं काम टाकून उठायची, पितळी तांब्या भरायची, त्यावर पेला पालथा घालायची आणि बाहेर आणून ठेवायची. खाकरण्याचेही प्रकार होते. एक पाण्यासाठीचा, एक चहासाठीचा आणि एक पाहुणे आल्याची वर्दी देणारा, म्हणजे डोक्यावरचा पदर सावरायचा. आम्हा पोरांनाही ते अचूक ओळखू यायचे.

गाव निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं. काळी कसदार जमीन, ऊस, कांदा आणि पुढं पुढं द्राक्षं. घर जुनं धाब्याचं, पुढं ओटा, आत सोपा आणि मागं चूल. जिजीच्या भाकरीबद्दल आधी सांगायला हवं, कारण माझी सगळी आठवण तिथूनच निघते. बाजरीचं ताजं पीठ काठवटीत तळहाताच्या टाचेनं मळून मळून ती इतकं मऊ करायची की भाकर थापताना कड कुठं चिरायची नाही. तव्यावरून काढून निखाऱ्यापुढं उभी केली की ती टम्म फुगायची. मग बोटानं वरचा पापुद्रा सोडवून आत लोण्याचा गोळा. सोबत उडदाचं घुटं, कांद्याची पात आणि पाट्यावरचा ठेचा. पहिली भाकर गाईची, दुसरी आबांची, मग काका, वडील आणि त्यांच्या पंगतीला मी. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. ताई माझ्याहून अडीच वर्षांनी मोठी, पण ती त्या पंगतीत नसायची. ती मीठ आणायची, पाणी आणायची, "अजून अर्धी घे ना" म्हणायची.

बायका मागून जेवायच्या. तोवर चूल विझत आलेली असायची आणि काठवट खरवडून केलेल्या शेवटच्या भाकरी गार झालेल्या. तो लोण्याचा पापुद्रा मी किती वर्षं खाल्ला असेल! जिजीच्या ताटात तो कधी पाहिल्याचं मला आठवत नाही. ताईच्याही नाही. चव आजही जिभेवर आहे, पण मी ती चव घेत होतो तेव्हा ताई कुठं उभी होती, तिला भूक लागली होती का, हे काही केल्या आठवत नाही. पुष्कळ दिवस मला वाटायचं की ही विसरभोळेपणाची गोष्ट आहे. आता वाटतं, ज्याच्याकडं पाहायची आपल्याला कधी गरजच पडली नाही, ते आठवणार तरी कसं?

आमचं घर काही मागासलेलं म्हणून गणलं जात नव्हतं, उलट सुधारकी वळणाचं म्हणून ओळखलं जायचं. आबांचे वडील, माझे पणजोबा, सत्यशोधकी जलसे पाहायला कोस कोस चालत जायचे. काका सांगतात, पणजोबा स्वतः जलशात सोंगं करायचे. थोरली आत्या म्हणायची, छे, ते नुसते कंदील धरायला उभे असायचे. खरं काय ते आता कोण सांगणार? पण त्यांच्या तोंडून जोतिबांच्या आणि सावित्रीबाईंच्या गोष्टी आत्यानं लहानपणी ऐकल्या होत्या, हे नक्की. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, सावित्रीबाई शिकवायला निघाल्या की लोक अंगावर शेण फेकायचे, म्हणून त्या एक जादा लुगडं सोबत ठेवायच्या. ही लुगड्याची गोष्ट आत्या अशी सांगायची की जणू ते लुगडं तिनंच धुऊन वाळत घातलं होतं.

त्या गोष्टींच्या जोरावर पणजोबांनी थोरल्या आत्याला गावच्या शाळेत घातलं. ती चौथी झाली. पुढं का नाही शिकली? तर घरात धाकटा भाऊ झाला आणि त्याला कडेवर घ्यायला कुणीतरी हवं होतं. हे सांगताना आत्या कधी कुरकुरली नाही. "पोर सांभाळायला मी घरी राहिले," एवढंच म्हणायची. ते पोर म्हणजे माझे वडील. ते पुढं मॅट्रिक झाले आणि सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागले. त्यांच्या शिकण्याचं घरात फार कौतुक. आत्याची पाचवी त्या कौतुकाखाली गाडली गेली आहे, हे वडिलांच्या कधी मनातही आलं नसेल, कारण माझ्याही आलं नाही.

माझी आई बुलढाण्याकडची. त्याच बुलढाण्यात राहून ताराबाई शिंदे नावाच्या बाईनं १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. सगळे दोष बायकांच्या माथी मारणाऱ्या पुरुषांना तिनं थेट जाब विचारला, की जे दुर्गुण तुम्ही आमच्यात दाखवता ते तुमच्यात नाहीत काय? तिचे वडील सत्यशोधक समाजाचे सभासद. तरी समाजाच्या आपल्याच माणसांतही तिचं लिहिणं झोंबलेले लोक होते. जोतिबा मात्र तिच्या बाजूनं उभे राहिले आणि १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी तिचा कैवार घेतला. पुढं ते पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापलं तेव्हा कुठं लोकांना कळलं. आईला विचारलं, तर माहेरी हे नाव कुणी घेतलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. पणजोबांसारख्या माणसानं जलशात कंदील धरला आणि घरी आल्यावर पणजीनं त्यांचे पाय चेपले, या दोन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच अभिमानानं सांगितल्या जायच्या. त्या दोहोंत काही विसंगती आहे, असं सांगणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला वाटायचं नाही.

मग आली शेतकरी संघटना. आमच्या भागात 'संघटना' म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढं येत नाही. स्वित्झर्लंडमधली मोठी नोकरी सोडून आलेले शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला लागले आणि कांद्याच्या भावासाठी उभे राहिले. १९८० च्या नोव्हेंबरात ऊस आणि कांद्याचं आंदोलन आमच्या नाशिक जिल्ह्यात पेटलं. मुंबई-आग्रा रस्ता बैलगाड्यांनी आणि माणसांनी भरून गेला. खेरवाडीला गोळीबार झाला, दोन शेतकरी गेले. मी चार वर्षांचा, मला त्यातलं काही आठवत नाही. पण आबांच्या बंडीवर संघटनेचा लाल बिल्ला लागला तो त्या वेळी, आणि पुढं मरेपर्यंत निघाला नाही. घामाचं दाम मिळालं पाहिजे, हे त्यांचं पालुपद होऊन बसलं. कांद्याच्या लिलावाहून आले की ओट्यावर बसून सांगायचे, "राबतो आपण, आन् भाव ठरवतो दुसराच." आत जिजी कांदे निवडत बसलेली असायची. तीही ते ऐकत असणारच.

१९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरलं. बाया लाखांच्या संख्येनं आल्या होत्या. आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून गेल्या. जिजी, आई, काकू, तिघीही गेल्या. पटकुरात भाकरी आणि चटणी बांधून घेतलेली. घरातल्या सगळ्या बायका एकाच वेळी घराबाहेर, असं आमच्या घराच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. आबांनीच जा म्हटलं होतं. संघटनेचा आदेश होता.

पहिल्या संध्याकाळी आबा ओट्यावर येऊन खाकरले. आतून कुणी उठलं नाही. हे मला अगदी स्पष्ट आठवतं, कारण आम्ही सगळेच एकमेकांकडं पाहायला लागलो. मग ते स्वतः उठून आत गेले आणि माठापुढं नुसते उभे राहिले. पेला कुठं असतो ते त्यांना माहीत नव्हतं. काडेपेटी, मीठ, बाजरीच्या पिठाचा डबा, यांतलं काहीच माहीत नव्हतं. ज्या घरात जन्म गेला त्या घराचा मागचा अर्धा भाग त्यांना परक्या गावासारखा होता.

शेवटी भाकरी कुणी केल्या? ताईनं केल्या. ती बारा वर्षांची होती. आबा, वडील, काका, गडी आणि मी, अशा पाच बाप्यांसाठी तिनं चुलीपुढं बसून भाकरी थापल्या. पीठ तिला नीट मळता आलं नाही, कडा चिरत होत्या, एक-दोन करपल्या. आम्ही जेवलो. ती शेवटी एकटी बसली, तेव्हा तिच्या ताटात करपलेलीच भाकर होती आणि बोटाला फोड आली होती. माझ्या आठवणीत आबांनी स्वतःच्या ताटातली चांगली भाकर उचलून तिच्या ताटात ठेवली. हे मी पुष्कळांना सांगितलंही आहे. परवा ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "भाकर-बिकर काही दिली नाही. ते नुसतं माझ्याकडं पाहत बसले होते. खूप वेळ." मला तिचंच खरं वाटतं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, माझं पोट भरलेलं होतं, आणि भरल्या पोटाची आठवण बऱ्याच गोष्टी गोड करून ठेवते.

दुसऱ्या दिवशी आबा एसटीनं चांदवडला गेले. काका म्हणतात, ते स्टँडवरूनच परत आले. वडील म्हणायचे, ते मांडवाच्या कडेला पार मागं बसून ऐकून आले. कुणी काही म्हणो, रात्री बायकांची ट्रॉली आली तेव्हा ते वेशीपर्यंत सामोरे गेले होते, हे आईनं पाहिलं आहे.

जिजी आली ती घसा बसवूनच. लुगड्याच्या पदरावर लाल बिल्ला. कोण काय बोललं, कोणते ठराव झाले, ते काकू धडाधडा सांगत होती. जिजी गप्प होती. आम्ही खूपच मागं लागलो तेव्हा म्हणाली, "मला तिथं एका बाप्यानं पाणी दिलं."

"कोणी?"

"कोण जाणे. सौंसेवक पोरगा व्हता. मी बसलेले. त्यानं वाकून पेला दिला आन् म्हणला, मावशी, पाणी घ्या."

एवढंच. पण साठीला आलेल्या माझ्या आजीच्या आयुष्यात एखाद्या बाप्यानं बसल्या जागी पाणी आणून देण्याचा तो पहिला प्रसंग होता. पुढं चांदवडची कुणी आठवण काढली की ती हीच गोष्ट सांगायची. लाखांच्या गर्दीतून तिनं तेवढा एक पेला घरी आणला होता.

लक्ष्मीमुक्ती आली ती यानंतर तीन-चार वर्षांनी, १९८९-९० च्या सुमाराला. शरद जोशी गावोगाव पुरुषांपुढं जे मांडत होते ते ऐकायला सोपं आणि पचायला कठीण होतं. सरकार तुमच्या घामाचं मोल करत नाही म्हणून तुम्ही रस्त्यावर येता, मग तुमच्या घरातली लक्ष्मी जन्मभर राबते तिचं मोल तुम्ही केलंत का? तिचं देणं द्या, थोडी तरी जमीन तिच्या नावावर करा. ज्या गावात शंभरावर शेतकरी असं करतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचं, आणि तिथं ते स्वतः येणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव तेव्हा सगळीकडं घेतलं जायचं. सीतेची गोष्टही ते सांगायचे. यवतमाळ जिल्ह्यात रावेरी नावाचं गाव आहे. टाकून दिलेली गरोदर सीता तिथं राहिली अशी लोकांची श्रद्धा. तिनं पसाभर गहू मागितला, गावानं दिला नाही, म्हणून तिनं शाप दिला की या गावात गहू पिकणार नाही. तिथं सीतेचं मंदिर आहे, आणि त्या पडक्या मंदिराच्या जीर्णोद्धारात जोशींनी पुढं लक्षही घातलं. आबांना ही गोष्ट फार लागली होती. "पसाभर गहू," असं ते मधूनच पुटपुटायचे.

आमच्या गावात काही शंभर जण झाले नाहीत. पाच-सहा झाले असतील. त्यांत आबा एक. विहिरीजवळचं दीड एकराचं रान जिजीच्या नावावर करायचं त्यांनी ठरवलं. तलाठ्यापुढं जाऊन बसले. तलाठ्यानं विचारलं, "बाईचं नाव?" आबांनी तोंड उघडलं आणि थांबले. सासरचं नाव त्यांनीच लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं, पण त्या नावानं एकदाही हाक मारलेली नव्हती. ते तसेच उठून घरी आले. ओट्यावर न खाकरता थेट चुलीपाशी गेले आणि म्हणाले, "तुजं नाव कोणतं लावू?"

जिजी रात्रभर विचार करत होती, असं आई सांगते. सकाळी तिनं माहेरचं नाव सांगितलं, तिच्या आईनं पाळण्यात ठेवलेलं. आम्ही सगळ्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. मतदार यादीत सासरचं, त्यामुळं तलाठी तयार होईना. आबांनी दोन-तीन खेपा घातल्या आणि शेवटी दोन्ही नावं लागली, मध्ये 'उर्फ'. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते उच्चारायला तिला चाळीसच्या वर वर्षं थांबावं लागलं, ते तिचंच राहू द्यावं असं वाटतं. सातबाऱ्याचा उतारा आला त्या दिवशी तिला वाचता येत नसूनही तिनं तो कंदिलाजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि त्या दोन नावांवरून बोट फिरवलं.

गोष्ट इथं संपली असती तर ती आमच्या घराण्याची छान कीर्तनकथा झाली असती. मी ती तशी सांगतही आलो. पण त्याच दिवाळीनंतर उन्हाळ कांद्याचं रोप टाकायची वेळ आली, आणि जिजी म्हणाली, "माज्या रानात यंदा कांदा नको. हरभरा पेरा."

"तुला काय कळतं त्यातलं?" आबा म्हणाले.

जमीन देणारा माणूस तोच होता, आणि हे बोलणाराही तोच. मला वाटतं, त्यांना स्वतःलाही ते ऐकू आलं, कारण ते एकदम गप्प झाले. जिजी भांडली नाही. कांदे चिरता चिरता म्हणाली, "लावणी म्या केली, खुरपण म्या केलं, काढणी म्या केली, पात म्या कापली. वाकून वाकून ते रान म्या पाठ केलं. मला न्हाई कळत तर कुणाला कळतं?" दोन दिवस आबा जेवायला येत आणि न बोलता जात. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाभर काढली.

हरभरा कसा आला ते मला आठवत नाही. काका म्हणतात झकास आला, आत्या म्हणायची घाटेअळीनं निम्मा खाल्ला. पण एक आठवतं. पुढं कितीतरी वर्षं गावातले लोक विचारायचे, "काय मग, म्हातारीचा हरभरा कसा झाला?" त्याच्या आधी एक वर्ष आबांचा अख्खा कांदा चाळीत सडला होता, तो उकिरड्यावर ओतावा लागला, घरावर कर्ज झालं. त्याबद्दल आबांना कुणी, कधी काही विचारलं नाही. बाप्याचा निर्णय चुकला तर पाऊस चुकतो, भाव चुकतो. बाईचा चुकला तर बाईच चुकते. ही सवलत मलाही जन्मभर मिळत आली. दोन धंदे बुडवले, एक नोकरी रागाच्या भरात सोडली, आणि दर वेळी घरादारानं नशिबाला बोल लावला.

आबा १९९८ साली गेले, जिजी २००३ साली. कायद्यानं तिच्या दीड एकराला चार वारस होते, दोन मुलगे आणि दोन मुली, चौघांचा वाटा सारखा. १९५६ च्या कायद्यापासून हे असंच आहे. पण गावाचा कायदा निराळा. बहिणींनी हक्कसोड करायची आणि भावानं साडीचोळी करायची. सोडलं तर माहेर राहतं, मागितलं तर माहेर तुटतं, हे न बोलता सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडंही तसंच ठरलं. ठरलं म्हणजे काय, कुणी ठरवलं नाही, ते होतंच. दोन्ही आत्यांना त्यांच्या गावांहून तालुक्याच्या कचेरीत आणायला गाडी कुणी नेली? मी नेली. सत्तावीस वर्षांचा होतो, गाडी नवी होती. वाटेत आत्यांना उसाचा रस पाजला, थट्टामस्करी केली. थोरल्या आत्यानं त्या कागदावर सही केली. पणजोबांनी शाळेत घातल्यामुळं तिला सही येत होती. धाकटीनं अंगठा दिला. घरी पुरणपोळी झाली, दोन पैठणीच्या काठाच्या साड्या झाल्या, आणि जिजीच्या नावाचं रान एका पिढीत पुन्हा बाप्यांच्या नावावर आलं. त्याच रात्री पंगतीत मी लक्ष्मीमुक्तीची गोष्ट पाहुण्यांना रंगवून सांगितली होती.

मधल्या काळात कायदेही पुष्कळ पुढं गेले. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, २००५ साली तो देशभर झाला. पण कचेरीच्या बाहेर हक्कसोडीचे मसुदे लिहिणारे तितकेच बसलेले दिसतात.

वडील २०१९ च्या हिवाळ्यात गेले. वारसनोंदीला आईचं, ताईचं, माझं नाव लागणार होतं, आणि तेराव्याला एक नातलग म्हणाले, "आता ताईचं हक्कसोड उरकून टाक." मी ताईला फोन केला. नेमकं काय बोललो ते आठवत नाही, पण पुरतं बोलायच्या आतच ती म्हणाली, "सांग कुठं यायचं ते. येते मी." तिच्या आवाजात राग नव्हता. बारा वर्षांची असताना चुलीपुढं बसायला सांगितलं तेव्हा ज्या आवाजात "बरं" म्हणाली असेल, तोच हा आवाज. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून जुने कागद काढले आणि थोरल्या आत्याकडं गेलो.

ती ऐंशीच्या घरात आली होती, नजर गेलेली. मी म्हणालो, "आत्या, त्या वेळी आम्ही चुकलो." ती म्हणाली, "कोणत्या वेळी?" मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कागद आणलाय? वाच बरं. तेव्हा घाई होती, वाचायचं राहिलं."

मी वाचायला लागलो. स्वखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीनं आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडून देत आहे, असं पुढं पुढं. मी वाचत गेलो आणि माझा आवाज बारीक होत गेला.

"हे कोण बोलतंय?" आत्यानं विचारलं.

"तू, आत्या. लिहून देणार म्हणून तुझं नाव आहे."

"मी असं बोलले व्हते का रे?"

"नाही."

"मला कुणी इचारलं व्हतं का?"

"नाही."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. मी माझ्या वाट्यातून तिच्या नावावर काही करून देण्याची गोष्ट काढली, तेव्हा ती म्हणाली, "मला आता रान काय करायचंय? दिसत न्हाई मला. पोरी तुज्या बहिणीचं नाव काढू नको, झालं." 'पोरी' ती चुकून म्हणाली की काय, कोण जाणे. लहानपणी लाडानं ती मला तसंच म्हणायची. निघताना तिनं सुनेला हाक मारून मला चहा करायला सांगितला, आणि मी पहिल्यांदाच म्हणालो की चहा मी करतो. साखर कुठं आहे हे मला त्या सुनेला विचारावं लागलं.

ताईचं नाव सातबाऱ्यावर आहे. नातलगांपैकी दोघं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझ्या घरात भाकरी अजून बायकोच माझ्याहून चांगली करते, पण काठवट मी रोज घेतो आणि पीठ मळायला मला आता बऱ्यापैकी जमतं. कड अजून चिरते. पहिली फुगलेली भाकर कुणाच्या ताटात जाते याकडं मी मुद्दाम लक्ष ठेवतो, कारण ठेवलं नाही तर हात आपोआप माझ्याच ताटाकडं वळतो. पन्नास वर्षांचं वळण आहे ते.

गेल्या दिवाळीनंतर ताई आली होती. आम्ही दोघं विहिरीजवळच्या बांधावर उभे होतो. वाटणीत जिजीच्या रानाचा हा तुकडा तिच्याकडं आला आहे. ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं वाकून ढेकूळ उचललं, हातानं फोडलं आणि म्हणाली, "यंदा इथं कांदा नको. हरभरा पेरावा म्हणते."

तुला काय कळतं त्यातलं? हे शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी आले. अगदी तयार, आबांच्याच आवाजात. इतकं सगळं समजून, इतकं सगळं आठवूनही ते आले. जमिनीसारखं हेही वारसानंच माझ्याकडं आलेलं आहे, आणि त्याची हक्कसोड एका सहीनं होत नाही, ती रोज करावी लागते. मी ते शब्द गिळले.

"पाभर कधी आणू?" मी विचारलं.

"सांगते," ताई म्हणाली आणि बांधावर बसली. पदरानं तोंड पुसलं. "आधी जरा पाणी आण. घसा सुकलाय."

मी तांब्या घेऊन विहिरीकडं निघालो.